वाट अरुंद ठेवा: जंगलातल्या पायवाटा, माउंटन बाइक आणि कुत्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. जंगलातल्या पायवाटेवर माउंटन बायकर वाढलेत, कुत्री घेऊन फिरायला येणारेही वाढलेत. वाट रुंदावली आहे, मधोमध चर पडलेत, जागोजागी आडवाटा फुटल्यात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी दिसेनासे झालेत. सरसकट बंदी न घालता हे नुकसान कमी करता येईल का?

येईल. चाक वाटेवर आणि कुत्रा वाटेवर, तोवर झीज एका अरुंद पट्टीपुरती राहते आणि ती पट्टी दगडमातीने सांभाळता येते. चाक चिखल चुकवायला कडेला वळलं किंवा कुत्रा वासामागे झाडीत शिरला, की नुकसान पसरतं, आणि पसरलेलं नुकसान कुणालाच सांभाळता येत नाही. म्हणून कुठलाही उपाय करताना एवढंच विचारा: याने वाट अरुंद राहील का?

सायकलींना दोष देण्याआधी भर पावसात वाटेवर जाऊन अर्धा तास उभे राहा. पाणी कुठून वाटेवर येतं, किती लांब वाटेनेच वाहतं आणि कुठे बाहेर पडतं, ते बघा. चाक माती सुटी करतं, पण ती वाहून नेतं पाणी. 1994 साली विल्सन आणि सीनी या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोंटानात पायी माणसं, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना केली होती. आधी ओल्या केलेल्या वाटेवर खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. 2001 साली कॅनडातल्या ओंटारिओत थर्स्टन आणि रीडर यांनी 500 फेऱ्यांपर्यंत पायी चालणारे आणि सायकलवाले यांची तुलना केली, तेव्हा वनस्पती आणि माती यांच्यावरचा परिणाम दोघांचा जवळपास सारखाच निघाला. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा घेऊ नका. पावलाचा ठसा म्हणजे एक सुटा खळगा, तर चाकाचा ठसा म्हणजे सलग पन्हळ. ओल्या मातीत, उतारावर, ब्रेक दाबून चाक घसरवलं की ती पन्हळ थेट पाण्याची वाट बनते. पुढच्या पावसात तिचा ओघळ होतो आणि चर खोल झाला की लोक शेजारून दुसरी वाट पाडतात.

त्यामुळे पहिलं काम चढ मोजण्याचं. क्लायनोमीटर असला तर उत्तम, नसला तर फोनमधलं उतार मोजायचं ॲप चालतं. 10 मीटर अंतरात 1 मीटर चढ म्हणजे 10 टक्के. जुन्या जाणत्या ट्रेल बांधणाऱ्यांचे दोन नियम इथे कामी येतात. पहिला, वाटेचा सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत ठेवा. दुसरा अर्ध्याचा नियम: डोंगराचा जो आडवा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. डोंगराचा उतार 16 टक्के असेल तर वाट 8 टक्क्यांपर्यंत. हा दुसरा नियम लोक विसरतात. सपाटीवजा जमिनीवर 8 टक्क्यांची वाट सरळ उताराच्या दिशेने खाली उतरते. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन तिच्याच पातळीत असते, म्हणून पाणी बाहेर काढायला जागाच राहत नाही. अशा सरळ उताराच्या वाटेवर कितीही डागडुजी करा, दर पावसाळ्यात चर पडणारच. तिथे वाट वळवून डोंगराच्या कुशीतून आडवी न्यावी लागते.

वाट आडवी असेल तर तिला दरीच्या बाजूला साधारण 5 टक्के ढाळ द्या. 60 सेंटिमीटर रुंदीच्या वाटेला हा ढाळ फक्त 3 सेंटिमीटर येतो, डोळ्याला जेमतेम जाणवतो. पण हा ढाळ टिकत नाही. वापराने मधली माती दबते आणि दरीच्या कडेला मातीचा वरंबा चढतो. मग पाणी त्या वरंब्याच्या आत अडकून वाटेनेच वाहू लागतं. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, फावड्याने हा वरंबा छाटून टाकला तरी निम्मी दुरुस्ती झाली असं समजा. कामाच्या दिवशी स्वयंसेवक भरपूर आणि वेळ कमी असेल, तर मी बाकी सगळं सोडून हेच करायला सांगेन.

नुसत्या ढाळावर भिस्त नको म्हणून वाटेत दर 6 ते 15 मीटरवर छोटा उलटा चढ असावा. वाट उतरता उतरता थोडी वर चढते आणि पुन्हा उतरते, आणि खालच्या खळग्यात पाणी बाहेर पडतं. उतार तीव्र किंवा माती चिकण असेल तर अंतर 6 मीटरकडे, मुरमाड असेल तर 15 कडे. आधीच बनलेल्या वाटेवर हे असं करा. साधारण 3 मीटर लांबीचा उथळ खळगा दरीच्या बाजूला उतरता खणा. निघालेली माती खालच्या अंगाला 3-4 मीटर लांबीचा बुटका उंचवटा करण्यासाठी वापरा. ती एकदम न ओतता 10-10 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकून घाला. पाण्याचं तोंड किमान 1 मीटर रुंद ठेवा आणि वाटेच्या कडेच्याही पलीकडे मीटरभर मोकळं करा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ आणि पाचोळा साचून ते बुजतं. उंचवट्यासाठी वरची पालापाचोळ्याची काळी माती वापरू नका. ती कुजते आणि खचते. खालची खनिज माती हवी.

लाकडाचा ओंडका तिरका पुरून पाणी अडवायची जुनी पद्धत सायकलींच्या वाटेवर वापरू नका. ओला तिरका ओंडका चाकाला घसरवतो, म्हणून बायकर त्याला वळसा घालतात. महिन्याभरात ओंडक्याच्या टोकाशी नवी वाट पडते आणि पाणीही तिथूनच जातं. वर दिलेला लाटेसारखा उंचवटा चाकाला आवडतो, त्यामुळे त्याला कुणी चुकवत नाही.

जिथे जमीनच कायम ओली आहे, एखादा झरा पाझरतो आहे, तिथे निचऱ्याने भागत नाही. तिथे दगडी फरसबंदी करा. खालच्या टोकाला सगळ्यात मोठा दगड पक्का रोवून काम खालून वर न्या. दगड आडवे न पसरता उभे बसवा, दोन तृतीयांश जमिनीत आणि एक तृतीयांश वर. सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, फटींत खडी आणि मुरूम ठोकून भरा. आता खरी मेख: दगडांवरून जाणं कडेने जाण्यापेक्षा सोपं असायला हवं. फरसबंदी ओबडधोबड झाली की चालणारे आणि बायकर दोघेही शेजारच्या गवतावरून जातात आणि तुमचे दगड मधोमध अस्पर्श राहतात. म्हणून दोन्ही कडांना गुडघ्याच्या उंचीचे दगड, वाळलेली खोडं, काटेरी फांद्या टाकून कडेचा रस्ता अवघड करा.

आता चालवणाऱ्यांकडे वळू. मागचं चाक लॉक करून घसरत जाणं हे बायकरकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान. नवखे फक्त मागचा ब्रेक दाबतात, कारण पुढच्याची भीती वाटते. पण थांबवण्याची ताकद जास्त पुढच्या ब्रेकमध्ये असते. वजन थोडं मागे आणि खाली, दोन्ही ब्रेक हलकेच आणि वळणाच्या आधी दाबायचे, वळणात नाही. वळणाच्या तोंडाशी माती लाटालाटांसारखी उठलेली दिसली तर दोष फक्त चालवणाऱ्याचा नाही, वाटेचाही आहे: लांब सरळ उतारानंतर अचानक वळण दिलंय. वळणाच्या 8-10 मीटर आधी एक उलटा चढ द्या, वेग आपोआप पडतो आणि ब्रेकला हात कमी लागतो. दोन दगडांमधून वाट हँडलबारच्या रुंदीपेक्षा जराशीच मोठी ठेवली तरी तोच परिणाम होतो. फक्त असं अरुंद तोंड लांबून दिसलं पाहिजे, वळणाआड नको.

ओल्या दिवसांत वाट वापरायची की नाही, हे कॅलेंडरवर ठरत नाही. मूठभर माती घेऊन दाबा. पाणी सुटलं, किंवा अंगठा आणि बोटात दाबल्यावर चिकट लांब पट्टी निघाली, तर आज चिकण मातीची वाट बंद. वाळूमिश्रित वाट त्याच पावसानंतर काही तासांत चालण्याजोगी होऊ शकते. म्हणून एकाच जंगलात लवकर सुकणाऱ्या वाटा आणि उशिरा सुकणाऱ्या वाटा वेगळ्या दाखवा. बंद वाटेच्या फलकावर पर्यायी वाटेचं नाव लिहाच. नुसतं 'बंद' लिहिलेला फलक लोक ओलांडतात, 'आज त्या बाजूने जा' असं सांगितलं की बरेच जण ऐकतात. निघून आल्यावर मध्येच डबकं लागलं तर त्याच्या मधूनच जा. कडेने जाणारा प्रत्येक जण डबकं आणखी रुंद करतो. आणि मागे वळून पाहिल्यावर आपल्या चाकाचा खोल सलग ठसा दिसत असेल तर परत फिरा.

चाकाला लागलेली माती हा वेगळाच धोका आहे. फायटोफ्थोरा या गटातले रोगजंतू मातीतून एका झाडाच्या मुळांपासून दुसऱ्यापर्यंत जातात. न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांचा रोग त्याच गटातला आहे, आणि तिथे काही वाटा त्यासाठी बंदही कराव्या लागल्या. टायरच्या खाचा, बुटांचे तळवे आणि कुत्र्याचे पंजे या तिन्हींतून चिखल प्रवास करतो. घरी न नेता तिथेच, वाटेच्या तोंडाशी, ताठ ब्रशने माती पूर्ण काढा, मग टायर आणि बुटांवर 70 टक्के अल्कोहोलचा फवारा मारा. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण चिखलाच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. कुत्र्याच्या पंजांना मात्र जंतुनाशक लावू नका, फक्त ब्रश आणि पाणी. धुतलेलं पाणी ओढ्यात जाता कामा नये, आणि जोराचा पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारला तर ग्रीस निघून जातं. तणांच्या बियाही याच मार्गाने जातात. कुत्र्याच्या दाट केसांत अडकलेली कुसळं, गोखरू जंगलात शिरण्याआधी काढा, बाहेर पडल्यावर पुन्हा.

कुत्र्यांचा प्रश्न मातीपेक्षा भीतीचा आहे. वाटेवरच्या माणसाची बहुतेक प्राण्यांना हळूहळू सवय होते, कारण तो रोज त्याच रेषेत येतो. कुत्रा मात्र त्यांच्या लेखी शिकारी प्राणी आहे. तो रेषेत राहत नाही आणि गेल्यावरही मूत्राचा वास मागे ठेवतो. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरजवळ लेंथ आणि सहकाऱ्यांनी (2008) पाहिलं की कुत्र्यांना बंदी असलेल्या वाटांजवळ हरणांचा वावर साधारण 50 मीटरपर्यंत कमी होता, आणि कुत्रे येत असलेल्या वाटांजवळ किमान 100 मीटरपर्यंत. हिशेब करा: दोन्ही बाजूंना 50 मीटर धरले तर 1 किलोमीटर वाटेमागे 10 हेक्टर, 100 मीटर धरले तर 20 हेक्टर. एवढं जंगल त्या प्राण्यांसाठी कमी झालं.

लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, लावली की प्रश्न सुटला, असं अनेकांना मनापासून वाटतं. तसं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलात बँक्स आणि ब्रायंट यांनी (2007) लीशवरच्या कुत्र्यांना वाटेवरून फिरवून पक्षी मोजले. पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी कमी दिसली. माणूस एकटा चालला तर परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. जिथे कुत्री नेहमीच येत, तिथेही पक्ष्यांना सवय झालेली नव्हती. म्हणून लीश हवीच, कारण पाठलाग आणि घरटी तुडवणं तिने थांबतं. पण संवेदनशील भागासाठी कुत्र्यांविना असलेला सलग पट्टा वेगळा ठेवावाच लागतो. जंगलाच्या सगळ्या वाटा सगळ्यांना खुल्या आणि सगळीकडे लीश सक्तीची, यापेक्षा बाहेरच्या कडेचं छोटं वळण कुत्र्यांना आणि आतला गाभा कुत्र्यांशिवाय, ही विभागणी मला जास्त प्रामाणिक वाटते. विणीच्या हंगामात नियम कडक करा आणि तारखा फलकावर लिहा. इंग्लंडमधल्या खुल्या जमिनींवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा 2 मीटरपेक्षा लांब नसलेल्या लीशवर हवा असा कायदा आहे, नॉर्वेत 1 एप्रिल ते 20 ऑगस्ट लीश सक्तीची असते. तुमच्याकडच्या तारखा तुमच्याकडच्या घरट्यांवरून ठरवा.

लीश 2 मीटरची, रुंद आणि उठून दिसणारी असावी. गुंडाळली जाणारी बारीक दोरी सायकलवाल्याला दिसत नाही, आणि कुत्रा एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला असला की वाटेवर अदृश्य फास तयार होतो. सायकल दिसताच कुत्रा, माणूस आणि दोर तिघेही वाटेच्या एकाच बाजूला यायला हवेत, माणूस वाटेच्या अंगाला आणि कुत्रा बाहेर. झाडीत खोल शिरायची गरज नाही, कडेला एक पाऊल पुरतं. बायकरनेही आपलं काम करावं: वळणाआधी घंटी, 20-25 मीटरवरून आवाज आणि मग पायाच्या चालीइतका वेग. पळती वस्तू दिसली की तिच्या मागे धावणं ही कुत्र्याची उपजत ओढ आहे, त्यामुळे गप्प आणि वेगात जवळून जाणारी सायकल तिला चिथावते. माणसाचा बोलण्याचा आवाज आला की कुत्र्याला कळतं की हा माणूसच आहे. स्वतःचा कुत्रा मोकळा सोडून सायकल चालवणारे लोक मात्र दोन्ही प्रकारचं नुकसान एकत्र करतात, कारण कुत्रा मागे काय करतोय ते त्यांना दिसतच नाही. सामायिक वाटेवर हे नकोच.

विष्ठेबद्दल नेहमीचा प्रश्न: कोल्ह्याची विष्ठा जंगलात चालते, मग कुत्र्याची का नाही? कोल्हा जंगलातच खातो आणि जंगलातच परत देतो. कुत्रा घरी खातो आणि जंगलात टाकतो, म्हणजे बाहेरून खत येतं. बेल्जियममधल्या घेंट शहराजवळच्या चार संरक्षित क्षेत्रांत डी फ्रेन आणि सहकाऱ्यांनी (2022) हिशेब मांडला: वर्षाला हेक्टरी सरासरी 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस. हलक्या, नापीक मातीवरच टिकणारी नाजूक फुलझाडं अशा खताने हरतात आणि दांडगी तणं माजतात. त्याच अभ्यासानुसार सगळी विष्ठा उचलली तर फॉस्फरस 97 टक्क्यांनी, पण नायट्रोजन 56 टक्क्यांनीच कमी होतो, कारण उरलेला नायट्रोजन मूत्रातून येतो. आणि लीश सक्तीची केली की हे सगळं वाटेच्या कडेच्या पट्टीत एकवटतं. म्हणून लीशचा नियम आणि विष्ठा उचलण्याचा नियम एकत्रच लावावे लागतात.

बहुतेक कुत्री चालायला लागल्यावर थोड्याच वेळात मोकळी होतात. या सवयीचा फायदा घ्या: प्रवेशाशी गवताची ठरावीक जागा आणि तिथेच कचरापेटी, दुसरी पेटी 300 ते 400 मीटर आत. रोज रिकामी करता येणार नसेल तर आतली पेटी ठेवूच नका. भरून वाहणारी पेटी नसलेल्या पेटीपेक्षा वाईट. पिशवी बांधून फांदीला लटकवणं किंवा 'येताना नेऊ' म्हणून कडेला ठेवणं हे उघड्या विष्ठेहूनही वाईट आहे, कारण आता प्लास्टिकही आलं. 'जैवविघटनशील' पिशव्यांना विघटनासाठी कंपोस्टची ऊब लागते, जंगलात त्या बराच काळ तशाच पडून राहतात. घट्ट झाकणाचा छोटा डबा सॅकला अडकवला की वासाची तक्रार संपते. विष्ठेतली काही जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि जंगली मांसभक्षकांना पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग कुत्र्यांकडून जाऊ शकतात. तेव्हा जंगलात नेण्याआधी लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण हवंच.

पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध लावलेलं कुत्रं ओढ्यात किंवा तळ्यात उतरवू नका. त्यातले फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घटक पाण्यातल्या अळ्या-किड्यांना अत्यल्प मात्रेतही मारतात आणि केसांतून बरेच आठवडे सुटत राहतात. बेडूक, मासे, पाणपक्षी या किड्यांवरच जगतात. पाणी पाजायला घडीचा वाडगा न्या.

आडवाटा बंद करायला घेताना आधी ती का पडली हे शोधा. मूळ वाटेवर चिखल होता, वळसा लांब होता की समोर सुंदर देखावा होता? कारण तसंच राहिलं तर अडथळा कितीही मोठा घाला, लोक त्याच्या बाजूने जातील. कारण दूर केल्यावर आडवाटेचे मुख्य वाटेवरून दिसणारे पहिले 10-15 मीटर पूर्ण झाका. दबलेली माती टिकावाने 10-15 सेंटिमीटर खोल सैल करा, नाहीतर बी रुजत नाही. उतार असेल तर दर काही मीटरवर आडवे दगड किंवा ओंडके अर्धे पुरून पाणी अडवा. मग आसपासची माती, पाचोळा आणि काही स्थानिक रोपं लावा. फांद्या आडव्या न टाकता बुंधा मातीत रोवून उभ्या करा, म्हणजे डोळ्याला झाडी दिसते, वाट दिसत नाही. दुसरं टोकही त्याच दिवशी बंद करा. एक टोक उघडं राहिलं तर लोक तिकडून आत येतात आणि तुमचं काम आतून तुडवत बाहेर पडतात.

काय कमी झालं आणि काय नाही, हे कळायला मोजमाप हवं. वाटेच्या दोन्ही कडांना, झीज पोचणार नाही अशा जागी, लोखंडी खुंट्या ठोका. त्यांच्यात दोरी ताणून बांधा आणि दर 10 सेंटिमीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली लिहा. दोरी सैल पडली तर आकडे खोटे येतात, म्हणून प्रत्येक वेळी ती तशीच ताणा. एका वाटेवर अशा 8-10 जागा पुरतात: दोन तीव्र उतारावर, दोन वळणांवर, दोन ओलसर भागात, बाकी साध्या ठिकाणी. पावसाआधी आणि पावसानंतर मोजा, त्याच जागेवरून त्याच उंचीवर फोटोही काढा. निचरा केल्यानंतर दोन पावसाळ्यांतही मधली खोली वाढतच राहिली, तर तिथे चढ चुकला आहे आणि वाट वळवणं भाग आहे. खोली स्थिर आहे पण रुंदी वाढते आहे, तर कडा सोप्या राहिल्यात. तिथे आणखी माती घालू नका, कडेचे दगड आणि काटेरी फांद्या वाढवा.